ख्रिस्टियाने बेनर: आयजी मेटालची पहिली महिला अध्यक्ष

जर्मनीत मोटार, पोलाद आणि यंत्र कारखान्यांतल्या कामगारांची 'आयजी मेटाल' ही वीस लाखांवर सभासदांची युनियन. ऑक्टोबर २०२३ मध्ये ख्रिस्टियाने बेनर (जन्म १९६८, आखेन) तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मतं ९६.४ टक्के. सुरुवात दार्मश्टाटच्या एका यंत्र कंपनीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळण्यापासून. समाजशास्त्र त्या नंतर शिकल्या.

२०१५ पासून त्या उपाध्यक्ष होत्या. त्या काळातलाच फेब्रुवारी २०१८ चा करार, चोवीस तासांचे संप करून मिळवलेला. आठवड्याला ३५ तास काम करणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं २८ तासांवर येता येतं. पगार तेवढा कापला जातो, पण मुदत संपली की पूर्णवेळ काम परत मिळतंच. खरी मेख इथे आहे. मूल झालं की अर्धवेळ काम घ्यायचं ते बहुधा बाईनेच, आणि एकदा घेतलं की तिथेच अडकायचं. पगार कमी, बढती लांब, म्हातारपणी पेन्शनही तोकडी. लहान मुलं असलेल्यांना, घरी कुणाची शुश्रूषा करणाऱ्यांना आणि पाळीवाल्यांना जादा भत्त्याऐवजी आठ दिवस सुटी घ्यायची सोयही मिळाली. हे सगळं पुरुषांनाही लागू आहे, आणि ते बरंच झालं. युनियनच्या सभासदांत मात्र बायका अजून पाचवा हिस्साही नाहीत.