रस्त्याकडेचा पर्जन्यजल निचरा (औद्योगिक वसाहत)

औद्योगिक वसाहतीतील रस्ते, छपरे व आवारांवर पडणारे पावसाचे पाणी उघड्या किंवा झाकलेल्या गटारांतून, मोऱ्यांखालून नैसर्गिक ओढ्यापर्यंत नेण्याची व्यवस्था. सिंधुदुर्गात वर्षाचा पाऊस ३,००० मिमी.हून अधिक, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. देवगड-निपाणी मार्गावर घाटपायथ्याशी वसलेल्या फोंडाघाटसारख्या गावी सह्याद्रीच्या उतारावरचे पाणीही खाली येते. म्हणून भूखंडाबाहेरचा पाणलोट आधी मोजावा.

विसर्ग काढण्यासाठी आयरिश अभियंता मल्व्हनी याने १८५१ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात : विसर्ग (घनमीटर/सेकंद) = वाहगुणांक (पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) × पर्जन्यतीव्रता (मिमी./तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. समजा, १० हेक्टर जमिनीवर तासाला १०० मिमी. वेगाने पाऊस पडतो. झाडीखाली वाहगुणांक ०.३ धरल्यास विसर्ग ०.८३ येतो, काँक्रीट व पत्र्यांनी वाहगुणांक ०.८ झाल्यास २.२२. जवळजवळ तिप्पट वाढलेले हे पाणी खालच्या शेतात व वाडीत शिरते. त्यामुळे साठवण तळे आराखड्यात हवेच. त्यासाठी राखलेली जागा वाया जात नाही.

गटाराचा छेद व उतार पाण्याचा वेग देणाऱ्या मॅनिंगच्या सूत्राने ठरवतात. सपाटीवर गाळ बसू नये इतका वेग लागतो, तर घाटउतारावर तळ खरवडला जाऊ नये म्हणून पायऱ्या व पक्के अस्तर. कारखान्याचे सांडपाणी, तेलकट धुवण या गटारात सोडू नये. मृगापूर्वी मोऱ्यांतील गाळ, पालापाचोळा काढला नाही, तर अचूक मापाचे गटारही तुंबते.