पदार्थविज्ञानाची पुस्तके आणि आपला मुलूख

वाचकहो, आपले युसूफ वडगाव, केज तालुका, किंबहुना सारा बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेच असेल. त्याच हैदराबादेत 19व्या शतकाच्या पूर्वार्धात नवाब फखरुद्दीन खान, शम्सुल उमरा, यांनी इंग्रजी ग्रंथांवरून सहा उर्दू पुस्तके तयार करवून छापविली. त्या संचाचे नाव ‘सित्ता-ए-शम्सिया’. यंत्रे, ग्रहतारे, पाणी, हवा, प्रकाश आणि वीज हे त्यांचे विषय! मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ मासिक निघाले ते 1840 साली, म्हणजे साधारण त्याच काळात.

पुढे 1917 साली हैदराबादेत भाषांतरासाठी ‘दारुल तर्जुमा’ स्थापन झाले व 1918 साली उस्मानिया विद्यापीठ. तेथे पदार्थविज्ञानासारखे विषयही उर्दूतून शिकविले जात. मात्र प्रांजळपणे सांगावयाचे तर खेड्यापाड्यांतील फारच थोडी मुले तेथवर पोहोचली. शिवाय ती पुस्तके प्रामुख्याने अभ्यासाची होती. परीक्षेसाठी पाठ करावयाचे पुस्तक निराळे आणि रात्री कंदिलाशी बसून, केवळ कुतूहलापोटी वाचावयाचे पुस्तक निराळे.

असे दुसऱ्या प्रकारचे लेखन मराठीत डॉ. जयंत नारळीकरांनी केले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरे उलटी केलेली! केंब्रिजहून परतलेल्या शास्त्रज्ञाला आपल्या नावावर बक्षीस नको होते, ही गोष्ट मला फार आवडते. पुढे त्यांचे ‘आकाशाशी जडले नाते’ आले. 2025 साली ते निवर्तले, पुस्तके आहेतच.

पालक बंधु-भगिनींनो, “आमचा मुलगा इंग्रजी शाळेत नाही, त्याला सायन्स कसे झेपणार?” असे आपण म्हणता, आणि मुलीच्या बाबतीत तर विचारतही नाही. स्टीफन हॉकिंग यांनी 1988 साली काळाच्या इतिहासावर जे जगप्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात आइन्स्टाइनचे एकच समीकरण ठेवले, कारण प्रत्येक समीकरणागणिक निम्मे गिऱ्हाईक कमी होईल, असे त्यांना बजावण्यात आले होते. तरीही ते पुस्तक सोपे नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने त्यापासून आरंभ करू नये. आधी नारळीकरांच्या कथा घ्याव्यात, मग ‘आकाशाशी जडले नाते’. उर्दू शाळेतल्या मुलीला मराठी वाचन जड जात असेल, तर थोरल्या भावाने रोज दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. अम्मीही ऐकतील.