अट घातली ती बाईंनी

मागच्या व्याख्यानात आपण जर्मनीतल्या प्रयोगशाळा पाहिल्या. आज बाल्टिमोरला जाऊ.

अमेरिकेत आज डॉक्टर व्हायचं तर आधी विज्ञानासह पदवी लागते, मग वैद्यकीय शिक्षण. त्याच आवारात शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र अशा विषयांत पीएच.डी.ही करता येते. आपल्याला वाटतं, हे पहिल्यापासून असंच असणार. तसं नाही. १८९०च्या आसपास तिथल्या अनेक वैद्यकीय शाळा फी भरणाऱ्याला फारसं काही न विचारता घेत होत्या.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ साली सुरू झालं, रुग्णालय १८८९ साली. वैद्यकीय शाळा मात्र अडून बसली. देणगीचा पैसा रेल्वेच्या शेअर्समध्ये, आणि त्यांचं उत्पन्न आटलेलं! तेव्हा विश्वस्तांच्याच मुली पुढे आल्या. त्यांनी बायकांची मंडळं उभारून एक लाख डॉलर जमवले. अट एकच: बायकांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश. विश्वस्त म्हणाले, पाच लाख हवेत. मग मेरी गॅरेट यांनी स्वतःचे तीन लाखांहून अधिक डॉलर दिले, आणि अटी वाढवल्या. विद्यार्थी पदवीधर हवा, त्याला विज्ञानाची बैठक हवी, फ्रेंच आणि जर्मन वाचता यायला हवं. जर्मन कशाला? तर नवं संशोधन त्या भाषेत छापून येत होतं म्हणून.

गंमत बघा. या कडक अटी बऱ्याचशा प्राध्यापक वेल्श यांनीच आधी कागदावर मांडल्या होत्या. त्या खरोखर लागू होणार म्हटल्यावर प्राध्यापकांनाच धाकधूक वाटू लागली: इतके शिकलेले विद्यार्थी मिळणार कुठून? १८९३ साली पहिल्या वर्गात १८ जण आले, त्यांत ३ स्त्रिया.

याच्या सातच वर्षं आधी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पण बायकांसाठी असलेल्या वेगळ्या कॉलेजात. हॉपकिन्समध्ये फ्लॉरेन्स सेबिन १९०० साली पदवीधर झाल्या. लसीकावाहिन्यांवर त्यांनी मोलाचं संशोधन केलं आणि १९१७ साली त्या तिथल्या पहिल्या स्त्री पूर्ण प्राध्यापक झाल्या. म्हणजे तेवढ्यालाही १७ वर्षं गेलीच.

दार उघडलं की दर्जा घसरतो, असं आपण आजही ऐकतो. इथे दार उघडणं आणि दर्जा उंचावणं, दोन्ही एकाच देणगीपत्रात लिहिलेलं होतं. एवढं लक्षात ठेवू, आणि थांबू.