डकटेल्स (व्हिडिओ गेम)

डिस्नेच्या याच नावाच्या दूरदर्शन कार्टून मालिकेवर (1987) आधारलेला, पडदा आडवा सरकत जाणारा उड्यांचा व्हिडिओ गेम. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो निन्टेन्डो एन्टरटेनमेन्ट सिस्टिमसाठी 1989 मध्ये काढला. गेम बॉयवरील आवृत्ती 1990 मध्ये आली. भारतात ही मालिका दूरदर्शनवर हिंदीत दाखवली जाई.

कोट्यधीश स्क्रूज मॅकडक खजिन्यासाठी ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतील खाणी, हिमालय आणि चंद्र असे पाच टप्पे पालथे घालतो. टप्प्यांचा क्रम खेळाडूच ठरवतो. मात्र खाणीत शिरायला लागणारी किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात मिळते. खेळाचा खरा प्राण म्हणजे स्क्रूजची काठी. तिच्यावर उसळ्या मारत शत्रू लोळवता येतात, काटे ओलांडता येतात आणि अन्यथा हाती न लागणाऱ्या उंचीवर पोहोचता येते. एकाच हालचालीत हल्ला, बचाव आणि शोध इतके सहज सामावणारे खेळ त्या काळात विरळाच. लपलेली रत्ने कोपरे धुंडाळणाऱ्यालाच सापडतात आणि जमवलेल्या संपत्तीनुसार शेवट बदलतो.

हिरोशिगे तोनोमुरा यांच्या संगीतातील चंद्राच्या टप्प्याची धून विशेष गाजली. वेफॉरवर्ड या कंपनीने केलेली नवी आवृत्ती 2013 मध्ये आली. तीत मूळ मालिकेतील ॲलन यंग यांनीच स्क्रूजला आवाज दिला.