तळटीप : ‘कोमार्बा’

कोमार्बा : जुन्या आयरिशमधला हा शब्द मुळात जमीनजुमल्याच्या कायद्यातला, अर्थ ‘सहवारस’. संस्थापक संताच्या गादीवर बसणाऱ्याला तो लागला, कारण गादीबरोबर मठाच्या जमिनी आणि उत्पन्नही त्याच्याकडे येई. ‘महंत’ म्हटले असते तर ही वारसाहक्काची छटा हरवली असती, म्हणून मूळ शब्दच ठेवला. आयर्लंडमधील आर्मा येथे संस्थापक संत पॅट्रिकची गादी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहिली. त्यातले कित्येक कोमार्बा दीक्षा न घेतलेले, संसारी गृहस्थ होते. ११०५ मध्ये गादीवर आलेल्या केलाखने मात्र दीक्षा घेतली. ११३४ मध्ये गादीचा दावेदार मॅलकी आर्मात आला, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी नियाल पॅट्रिकचा रत्नजडित दंड आणि ग्रंथ घेऊन निघून गेला. या वस्तू ज्याच्या हाती तोच खरा वारस, असे लोक मानत.