इंग्रजी काव्यातील अपूर्ण यमक

इंग्रजीत पूर्ण यमक साधावयाचे तर शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून पुढील सर्व ध्वनी समान असावे लागतात. कित्येक शब्दांना अशा जोड्या फार थोड्या मिळतात. ‘लव्ह’ हा त्यांपैकीच एक. म्हणून कवी त्याच्याशी ‘प्रूव्ह’ जुळवीत आले. जॉन वॉकर याने १७७५ च्या आपल्या कोशात अशा जोड्यांची ‘चालण्याजोगी यमके’ म्हणून सूची दिली. म्हणजे कोशकाराच्या लेखी ती सवलत होती, गुण नव्हे.

या दृष्टीचा परिणाम एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) हिच्या काव्याला भोगावा लागला. अपूर्ण यमक हा तिच्या रचनेचा स्थायी विशेष होय. परंतु तिच्या पश्चात १८९० मध्ये निवडक कविता प्रसिद्ध करताना टॉड व हिगिन्सन या संपादकांनी काही ठिकाणी शब्द बदलून यमके ‘शुद्ध’ केली. हस्तलिखितांवर आधारलेला समग्र पाठ टॉमस जॉन्सन यांच्या संपादनाने १९५५ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांनी, उपलब्ध झाला.

दरम्यान विल्फ्रेड ओवेन याने युद्धकवितांत व्यंजने राखून केवळ स्वर पालटणारी यमके योजिली. ‘हॉल’ व ‘हेल’ ही त्यांपैकी एक जोडी. अशा रचनेस एडमंड ब्लंडेन याने १९३१ मध्ये ‘पॅराराइम’ ही संज्ञा दिली. दोष मानलेली गोष्ट अशा रीतीने शास्त्रीय परिभाषेत आली.

तात्पर्य, अपूर्ण यमक दिसताच ते दुरुस्त करण्यापूर्वी कवीच्या अन्य रचनांत त्याची पुनरावृत्ती तपासणे, हे पाठसंपादकाचे आद्य कर्तव्य ठरते.