पोरक्यांचा कायदा आणि त्यांची रांग

‘मायबाप सरकार’ हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु ज्या मुलाला खुद्द मायबापानेच छळले वा टाकून दिले, आणि जे परक्या देशात कागदपत्रांवाचून उभे आहे, त्याचे मायबाप कोणी व्हावे? अमेरिकेच्या कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर समजून घेण्याजोगे आहे.

तेथे सत्ता दोन आहेत. अनाथ मुलांचा सांभाळ हे घटक राज्यांच्या न्यायालयांचे काम. देशात कोणी राहावे, हे मात्र संघसरकार ठरवणार. त्यामुळे मोठा विचित्र प्रकार घडे. राज्याचे न्यायालय मुलाला आश्रय देई, शाळेत धाडी. पण ते सज्ञान झाले की त्याला ना नोकरीचा हक्क, ना राहण्याचा. एका हाताने वाढवायचे आणि दुसऱ्या हाताने हाकलायचे!

१९९० च्या कायद्याने ही फट बुजवली. बालन्यायालयाने मुलाला आपल्या आश्रयाखाली घेतले आणि मायदेशी परत धाडणे त्याच्या हिताचे नाही असे ठरवले, तर त्याला कायम वास्तव्य मागता येऊ लागले. १९९७ साली ही वाट अरुंद केली गेली. छळ, हेळसांड किंवा त्याग सिद्ध होणे आवश्यक झाले. २००८ साली ती पुन्हा रुंदावली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्सचे नाव त्या कायद्याला दिलेले आहे. आईबापांपैकी एकानेच छळले वा टाकले असले, तरी एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलाला अर्ज करता येऊ लागला. मात्र त्या मुलाच्या आधारे आईबापांना काहीच मागता येत नाही. मारकुट्या नवऱ्यापासून मुलाला वाचवणाऱ्या आईलाही नाही.

आता खरी मेख पाहा. या मुलांचे परवाने नोकरीसाठी येणाऱ्यांच्या चौथ्या वर्गात मोजले जातात. त्या वर्गाला वर्षाला सुमारे दहा हजार परवाने, आणि त्यांत धर्मोपदेशकादी इतरही वाटेकरी. २०१६ पासून तेथे रांग लागली, ती वर्षानुवर्षांची झाली. अर्ज मंजूर झाला तरी मूल ताटकळत उभेच. २०२२ साली अशा मुलांची हद्दपारी तूर्त थांबवून त्यांना कामाचा परवाना देण्याचे धोरण आले. २०२५ च्या जूनमध्ये ते मागे घेण्याचा हुकूम निघाला आणि वाद न्यायालयात गेला.

कामगार चळवळीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. कायदा पास झाला म्हणजे पेढे वाटायचे नसतात. त्याखालचे नियम कोण लिहितो आणि संख्या कोण ठरवतो, ते पाहायचे असते. मजूर आणि मारलेले मूल यांना एकाच रांगेत उभे करणारा हिशेब कोणा क्रूर माणसाने केला असेल असे नाही. मुलांसाठी वेगळा रकाना आखण्याची निकड कोणाला वाटली नाही, इतकेच. शिवाय हद्दपारीच्या खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क त्या मुलाला नाही. त्या रांगेतून मुलांना बाहेर काढा, ही तेथील बालहितवाद्यांची मागणी आहे. ती साधी आहे, आणि रास्त आहे.